मुक्ताबाईंची छत्री : तळटीप

१. ही छत्री, म्हणजे स्मारक, होळकरांच्या काळातली. १७५४ साली पती खंडेराव होळकर कुंभेरीच्या वेढ्यात पडले, तेव्हा सती जायला निघालेल्या अहिल्याबाईंना सासरे मल्हाररावांनी अडवलं. पुढे १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुलगी मुक्ताबाई सती निघाली. आईने परोपरीने विनवलं, ती ऐकेना. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कम (१८२३) लिहितो : चिता पेटताच अहिल्याबाईंनी टाहो फोडला, दोघा ब्राह्मणांनी त्यांना धरून ठेवलं होतं, पुढे तीन दिवस त्या अक्षर बोलल्या नाहीत. मग त्यांनी लेकीचं स्मारक बांधलं. सिनेमाच्या पडद्यावरच्या सतीभोवती अनेकदा तेजोवलय असतं. पण वाचकांनी या आईचा आक्रोश आधी ऐकावा.