शोकाची भाषा आणि आशेची ओवी

मृत्यूच्या प्रसंगीं कवीनें काय बोलावें? येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनीं त्याचें उत्तर मराठी ओवींत दिलें. त्या काळीं अंत्यविधीची प्रार्थना लॅटिन असे. शोकाकुल मातेस ती उमगत नसे. १६१६ सालीं राचोल येथें छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’नें प्रभूचें मरण व पुनरुत्थान तिच्या कानांस परिचित छंदांत आणलें. १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें देशी भाषा सोडण्याचा हुकूम काढला. छापील प्रती नाहींशा झाल्या; पण भाविकांनीं नकला करून ग्रंथ जपला, आणि १९०७ सालीं तो मंगळूर येथें पुनः छापला गेला.

वाचकहो, लाजरसाच्या कबरेपाशीं ख्रिस्तहि रडला. सांत्वन अश्रूंस मनाई करीत नाहीं. रडणाऱ्यास त्याच्याच भाषेंत पुनरुत्थानाची आशा सांगतें.