मॉव्हची आठवण

गुरु-शिष्यांच्या गोष्टी बहुधा गोडच असतात. मला मात्र अँटन मॉव्हची, भांडणाची गोष्ट जवळची वाटते.

हेगमधल्या या नावाजलेल्या डच चित्रकाराने १८८१च्या अखेरीस बायकोच्या आतेभावाला, व्हिन्सेंट व्हॅन गॉगला शिकवायला घेतलं. जलरंग, तैलरंग दाखवले, पैशांचीही मदत केली. मग प्लास्टरचे हात-पाय समोर ठेवून रेखाटनं करायला सांगितली. व्हिन्सेंटने चिडून ते प्लास्टर कोळशाच्या पेटीत फोडलं! पुढे संबंधही तुटले.

फेब्रुवारी १८८८मध्ये मॉव्ह गेला. आर्लमध्ये फुललेली पीचची झाडं रंगवून घरी परतल्यावर व्हिन्सेंटला ते कळलं. त्याच चित्रावर त्याने 'मॉव्हची आठवण' असं फ्रेंचमध्ये लिहिलं आणि ते मॉव्हच्या बायकोसाठी पाठवलं.

शिकवणी जेमतेम काही महिन्यांची. ऋण मात्र सहा वर्षांनीही फिटलं नव्हतं. असो.