तळहाताचा घाम, वीज आणि ‘करंट’

एखाद्या विकाराचा इतिहास लिहिताना वैद्यकाचा इतिहासकार औषधे, उपकरणे आणि चिकित्सक यांचा मागोवा घेतो. भाषाभ्यासकाचे काम त्याच्या शेजारीच, पण थोड्या निराळ्या जागी सुरू होते. विकाराला आणि त्यावरील उपचाराला समाज कोणत्या नावाने ओळखतो, यावर रोगी उपचारापर्यंत पोहोचतो की नाही हे पुष्कळदा ठरते. तळहातांना अतोनात घाम येणे हा असा एक विकार होय. साध्या पाण्यातून मंद विद्युत्प्रवाह देऊन तो आटोक्यात ठेवता येतो, आणि हा उपचार घरीही घेता येतो. या उपचाराचा इतिहास आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या तालुक्यांत विजेच्या शब्दांना प्राप्त झालेले अर्थ यांची सांगड घालून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. घामाचे दोन अर्थ

‘घाम’ हा शब्द संस्कृत ‘घर्म’ यापासून प्राकृत ‘घम्म’ या रूपाच्या द्वारे मराठीत आला. ‘घर्म’ म्हणजे मुळात उष्णता. फारसीतून आलेला ‘गरम’ हा शब्द त्याचाच सगोत्र असून, ‘थर्मामीटर’ या शब्दातील ग्रीक पूर्वपदही त्याच कुळातले आहे. म्हणजे मराठीने घामाचे नाव त्याच्या कारणावरून ठेवले : ऊन लागले, अंग तापले, घाम आला. पुढे या शब्दाभोवती दोन अर्थ दृढ झाले. एक श्रमाचा : ‘घाम गाळणे’, ‘घामाचा पैसा’. दुसरा भयाचा : ‘दरदरून घाम फुटणे’. ऊन नाही, श्रम नाही, भयही नाही, तरीही हात निथळतात, अशा घामाला बोलीत वेगळे नाव नाही. परिणामी असा मनुष्य लोकांच्या दृष्टीने एक तर भित्रा ठरतो, नाही तर काही तरी लपविणारा.

आयुर्वेदाने या बाबतीत अधिक सूक्ष्म विचार केलेला आढळतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात स्वेदवह स्रोतसांचे मूळ मेद आणि लोमकूप हे सांगितले असून, अतिस्वेदन हा त्या स्रोतसांच्या दुष्टीचा प्रकार म्हणून गणला आहे. घाम हा दोष मनाचा नसून शरीराचाही असू शकतो, ही जाणीव तेथे स्पष्ट आहे. आधुनिक शारीरविज्ञान येथे एक भर घालते. तळहातावर लोमकूप नसतात. तेथील स्वेदग्रंथी त्वचेवर स्वतंत्रपणे उघडतात आणि त्यांचे नियंत्रण अनुकंपी मज्जातंतूंकडे असते. हा विकार बहुधा बालपणी किंवा कुमारवयात सुरू होतो, दोन्ही हातांत सारखा असतो, झोपेत थांबतो आणि अनेकदा एकाच घराण्यात आढळतो. भित्रेपणाशी त्याचा संबंध जोडणे म्हणजे परिणामालाच कारण समजणे होय.

२. उपचाराचा इतिहास

गॅल्व्हानीचे बेडकाच्या पायावरील प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध झाले आणि १८०० मध्ये व्होल्टाने आपल्या विद्युत्घटाची माहिती जगापुढे मांडली. १८३४ साली फॅरडेने प्रवाहाबरोबर सरकणाऱ्या विद्युत्भारित कणांना ‘आयन’ हे नाव दिले. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जाणारा’ असा असून त्याचा धातू आणि संस्कृत ‘इ’ म्हणजे ‘जाणे’ हा धातू एकच. ‘अयन’ हा आपला शब्द त्याचाच. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच संशोधक लेड्युक याने प्रवाहाच्या साहाय्याने औषधे त्वचेतून शरीरात नेता येतात हे सशांवरील प्रयोगांनी दाखविले.

घामाच्या बाबतीत पहिले महत्त्वाचे पाऊल जपानमध्ये पडले. १९३६ साली इचिहाशी याने निरनिराळी द्रावणे विद्युत्प्रवाहाने त्वचेत सोडून स्वेदग्रंथींवरील त्यांचा परिणाम तपासला. १९५२ साली बूमन आणि लेंट्झर यांनी हातापायांच्या अतिस्वेदावर स्थिर प्रवाहाचा उपचार वर्णिला, आणि १९६८ साली अमेरिकेतील फ्रेड लेव्हिट याने त्यासाठी एक साधे उपकरण सुचविले. रुग्णालयाच्या खोलीतून हा उपचार घराच्या ओसरीपर्यंत येण्याची शक्यता तेथून निर्माण झाली. याच तंत्राची दुसरी बाजूही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९५९ साली गिब्सन आणि कुक यांनी प्रवाहाने पायलोकार्पिन त्वचेत सोडून मुद्दाम घाम आणण्याची व तो तपासण्याची रीत सिद्ध केली. सारांश, वीज स्वतः घाम आणणारी किंवा रोखणारी नव्हे. ती काय वाहून नेते आणि किती वेळ, यावर सर्व अवलंबून असते.

३. शिरूर-दौंडकडील वीज

या भागात वीज प्रथम आली ती दिव्यासाठी नव्हे. पुण्याहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग १८५८ साली दौंडवरून डिकसळपर्यंत खुला झाला, आणि दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये. लोहमार्गाबरोबर तारायंत्र आले. ते विद्युत्घटांवर, म्हणजे मंद आणि एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहावर चाले. तारायंत्राचा भारतातील प्रवर्तक ओशॉनेसी हा पेशाने वैद्य होता, हा योगायोगही नोंदविण्यासारखा आहे. त्या काळी लोकांना वीज ठाऊक झाली ती ‘तार’ या शब्दाने.

घोडनदीकाठच्या शिरूरला लोहमार्ग कधीच लाभला नाही. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढील दशकांत गावोगाव खांब उभे राहिले. ही वीज वेगळी होती : २३० व्होल्टची आणि सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलणारी. तिच्याबरोबर शब्दही वेगळे आले. पुरवठ्याला ‘लाईट’ म्हणू लागले, आणि विहिरीवरच्या मोटारीचा किंवा ओल्या तारेचा झटका बसला की ‘करंट लागला’. मुळात ‘प्रवाह’ एवढाच अर्थ असलेला हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी अपघाताचे, प्रसंगी मृत्यूचे नाव झाला. ‘शॉक’ची गत याहून बिकट झाली. ‘शॉक ट्रीटमेंट’ म्हणताच या भागातील माणसाला येरवड्याचे मनोरुग्णालय आठवते. आधीच भित्रा ठरविल्या गेलेल्या मुलाला ‘हाताला करंट देतात’ असे सांगितल्यास आईवडील त्याचा कोणता अर्थ घेतील, हे सांगावयास नको.

४. घरगुती उपचाराची गरज आणि मर्यादा

प्रश्न केवळ संकोचाचा नाही. परीक्षेत उत्तरपत्रिका भिजते, रांजणगावच्या कारखान्यात सुटे भाग हाताळणे अवघड होते, रास्त भाव दुकानातील यंत्र ओला अंगठा ओळखत नाही. उपचार मात्र आरंभी आठवड्यातून तीनदा, काही आठवडे घ्यावा लागतो. नंतर आठवड्यातून एकदा किंवा त्याहूनही विरळ, पण तो चालू ठेवावा लागतो. शिरूरहून पुणे सुमारे सत्तर किलोमीटर आणि दौंडहून त्याहून थोडे अधिक. इतक्या खेपा घालणे रोजंदारीवरच्या माणसाला शक्य नाही. म्हणून घरी वापरावयाच्या उपकरणाचे महत्त्व येथे पुण्यापेक्षा अधिक.

उपचाराची रीत साधी आहे. दोन उथळ भांड्यांत पाणी घेऊन प्रत्येकात एक हात ठेवावयाचा आणि सुमारे वीस मिनिटे बहुधा १५ ते २० मिलिअँपिअर प्रवाह द्यावयाचा. तो हळूहळू वाढवावा व हळूहळूच उतरवावा. मध्येच हात उचलल्यास झटका जाणवतो. अंगठ्या, बांगड्या उतरवाव्यात, जखमेवर व्हॅसलीन लावावे. आर. ओ. यंत्राच्या पाण्यात क्षार अत्यल्प असल्याने प्रवाह नीट वाहत नाही. बोअरवेलचे जड पाणी येथे उलट उपयोगी पडते. गर्भवती स्त्रिया, पेसमेकर किंवा शरीरात धातूची पट्टी बसविलेले रोगी, तसेच अपस्माराचे रोगी यांनी हा उपचार घेऊ नये. घरातील प्लगवरून स्वतः जोडलेली तार पाण्यात सोडणे म्हणजे प्राणाशी खेळ होय. उपकरण याच कामासाठी बनविलेले असावे आणि आरंभ त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने व्हावा.

५. नावाचा प्रश्न

इंग्रजीत या उपचाराला ‘आयॉन्टोफोरेसिस’ म्हणतात. त्यातील उत्तरपदाचा ग्रीक धातू आणि संस्कृत ‘भृ’ हे सगोत्र आहेत. तेव्हा ‘आयनभरण’ हा प्रतिशब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष ठरेल. तथापि परिभाषेची कसोटी कोशात लागत नाही, वापरणाऱ्याच्या घरी लागते. ‘आयनभरण’ कोणाला कळणार नाही, ‘करंट’ घाबरवील, आणि ‘वीज’ म्हणताच पावसाळ्यात रानात पडणारी वीज आठवेल. या भागात एकच शब्द निरुपद्रवी राहिला आहे, तो म्हणजे ‘बॅटरी’. रात्री पाणी धरावयास जाणाऱ्याच्या हातात ती असते. तिने कोणाला झटका बसत नाही हे प्रत्येकास ठाऊक आहे. ‘पाण्यातला बॅटरीचा उपचार’ असे म्हटले की भय कमी होते, आणि प्लगपासून दूर राहण्याची सूचना नावातच येते. दौंडच्या तारायंत्रातून प्रथम वाहिलेला मंद प्रवाह आणि हा उपचार एकाच जातीचे आहेत, हे इतिहासाच्या दृष्टीनेही त्या नावात सुरक्षित राहते. उपकरणाबरोबर येणारी सूचनापत्रे व दवाखान्यातील समजावणी या शब्दांत झाली, तर हात खिशात लपवून वावरणाऱ्या पुष्कळांना आपला विकार उघड बोलता येईल, असे वाटते.