‘सर्व इस्राएल’ म्हणजे कोण?

करारातल्या ‘सर्व कामगार’ या शब्दांत बदलीवाला धरायचा की नाही, यावर आम्ही रात्री जागवल्या आहेत. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 11व्या अध्यायात ‘सर्व इस्राएला’च्या तारणाची ग्वाही आहे, आणि ख्रिस्ती पंडितांचे भांडण तसेच. कॅल्विनने अर्थ केला यहुदी व इतर मिळून देवाची सारी प्रजा. 1560च्या जिनीव्हा बायबलातल्या टिपेने मात्र यहुदी राष्ट्रच धरले.

ही कोरडी घटपटाची खटपट नव्हे. इंग्लंडने 1290 साली यहुद्यांना हाकलले होते. हे राष्ट्र तरायचे, तर आधी त्याला येऊ तर द्या, असे कित्येक प्युरिटन म्हणू लागले. धर्मांतराच्या आशेवरचेच हे स्वागत. 1655 साली क्रॉमवेलकडे अर्ज घेऊन आलेल्या ॲमस्टरडॅमच्या रब्बी मनश्शे बेन इस्राएलला ते कळत नसेल, असे मला वाटत नाही. व्हाइटहॉलची परिषद निर्णयाविनाच उठली. व्यापाऱ्यांना धंद्याची धास्ती! पण यहुद्यांना मज्जाव करणारा कायदाच नाही, असे कायदेपंडित सांगून बसले होते. 1657 साली लंडनात यहुद्यांना दफनापुरती जमीन भाडेपट्ट्याने मिळाली.