भुलाबाईच्या अंगणातल्या मुली

माझ्या नानीला स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती. निकाह कितव्या वर्षी झाला, तेही नक्की सांगता येत नसे. विचारलं की म्हणायची, "उस साल मैं भुलाबाई में नै थी." मारेगावातल्या शेजारच्या अंगणात ती दरवर्षी भुलाबाईची गाणी म्हणायला जायची आणि एका वर्षी गेली नाही, कारण तोवर ती सासरी पोचली होती. मामांच्या वयावरून हिशोब केला तर ते साल १९४५च्या आसपासचं निघतं. नानी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असावी.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर विदर्भात आणि खानदेशात भुलाबाई बसते. पाटावर मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी. संध्याकाळ झाली की मुली घरोघर जातात, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात. शेवटी खाऊ, पण तो झाकलेल्या डब्यात. डबा हलवून, आवाज ऐकून आत काय आहे ते ओळखायचं. पश्चिम महाराष्ट्रातला भोंडला किंवा हादगा या हिच्याच बहिणी. नानीला त्यातली पूजा फारशी आठवत नसे, गाणी आणि डबा आठवायचा. तिच्या अब्बांना यात काही वावगं वाटलं नाही. त्याच अंगणातली माणसं मोहरममध्ये सवारीपुढे लोबान घेऊन उभी राहायची, तेव्हा वावगं वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

आता त्या गाण्यांकडे पाहा. बहुतेक गाणी सासरची आहेत. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू सांगते, आधी वेल लाव, मग तो वाढू दे, मग कारली येऊ दे, मग भाजी कर. एक काम संपलं की दुसरं. माहेरची वाट काही सुटत नाही. आज शाळांच्या कार्यक्रमात नऊवारी नेसवून मुलींकडून हे बसवून घेतात आणि पालक मोबाईलवर चित्रण करतात. पण ज्या काळात ही गाणी रुळली त्या काळात ती म्हणणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलींपैकी कितीतरींची लग्नं आधीच झालेली असत आणि बाकीच्यांची ठरत आलेली असत. सासूला उघडपणे नावं ठेवता येतील अशी त्यांच्या वाट्याची जागा ते अंगण होतं. कुणी रागवत नसे, कारण ते 'गाणं' होतं. आणि गाणंच असल्यामुळे कुणाला उत्तरही द्यावं लागत नसे.

याच मुलींच्या लग्नांवरून बाहेर मोठे वाद झाले. १८९१ साली संमतीवय दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा आला, तेव्हा पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रं महिनोन्‌महिने त्यानेच भरलेली असत. (आपला जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ओळखला जाई, यवतमाळ हे नाव १९०५ सालचं.) पुढे १९२९ साली शारदा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३० पासून मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरलं. सनातनी हिंदूंनी विरोध केला, तसा आपल्या उलेमांनीही केला. जिन्नांनी मात्र विधिमंडळात विधेयकाची बाजू घेतली होती, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. दोन्ही वेळी बोलले ते वडील, वकील, पंडित, मौलवी, डॉक्टर. रखमाबाईंनी १८८५ साली टाइम्समध्ये बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली, पण तोवर त्या विशीत पोचल्या होत्या आणि सहीही 'एक हिंदू स्त्री' अशी करावी लागली. ज्यांची लग्नं लागत होती त्या पोरी अंगणात टिपऱ्या वाजवत होत्या. नानीच्या निकाहाच्या वेळी शारदा कायद्याला पंधरा वर्षं झाली होती. तिला तो कधी कुणी सांगितला नाही.

मुलीचं म्हणणं तिच्या नावानिशी छापून येण्याचं उदाहरण मात्र आपल्याकडे याहून जुनं आहे. १८५५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय'मध्ये दोन हप्त्यांत 'मांग-महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध आला. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेतली विद्यार्थिनी. बाळंतपणातसुद्धा डोक्यावर छप्पर नसलेल्या आपल्या जातीतल्या बायांबद्दल ती लिहिते. धर्मग्रंथ ज्यांना वाचता येत नाहीत त्यांचा धर्म कोणता, असं विचारते. माझे वाचक इथे फातिमा शेख यांचं नाव शोधतील. सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात त्यांचा उल्लेख आहे, तेवढं आपल्या हाती आहे. मुक्ताला त्यांनी शिकवलं असं ठासून सांगण्याचा मोह मी टाळतो. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की मुलीने लिहिलं आणि मोठ्यांनी ते तिच्याच नावाने जाऊ दिलं.

रंगभूमीवर असं काम अगदी अलीकडे झालं. रत्नाकर मतकरी १९६०च्या दशकापासून बालनाट्यं करत होते. 'अलबत्या गलबत्या' पाहून दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. पण २०१४ साली, पंचाहत्तरी उलटल्यावर, ठाण्याच्या समता विचार प्रसारक संस्थेसोबत त्यांनी 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. तिथे वस्त्यांमधली मुलं आपल्याच जगण्यातले प्रश्न घेऊन स्वतः नाटिका रचतात आणि करतात. वेशभूषा, नेपथ्य नसलं तरी चालतं. मोठ्यांनी हात आवरता घेणं मात्र लागतं, आणि ते आपल्याला सगळ्यात जड जातं.

मारेगाव तालुक्यात कोलामांचे पोड आहेत. तिथली मुलं घरी कोलामी बोलतात. ती द्रविडी कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. शाळेत आल्यावर पहिली काही वर्षं ही मुलं गप्प असतात आणि त्या गप्पपणाला आपण 'मठ्ठ' म्हणतो. आमच्या मोहल्ल्यातली पोरंही "कायकू" आणि "नै" घरी ठेवून शाळेत येतात. मग सव्वीस जानेवारीला दोघांनाही गुरुजींनी लिहून दिलेलं भाषण पाठ करावं लागतं, आणि संमेलनात दोघं एकाच सिनेमाच्या गाण्यावर नाचतात. कोलामी पोराने पोडावरची गोष्ट आपल्या बोलीत मंचावरून सांगितली तर अर्ध्या पालकांना कळणार नाही, ही अडचण खरी आहे. पण मग शेजारी बसलेल्या त्याच्या आईला, कार्यक्रमात पहिल्यांदाच, कुणीतरी विचारेल की पोरगं काय म्हणतंय.

नानीची गाणी मी कधी लिहून घेतली नाहीत. एवढं आठवतं की एका गाण्यात तिने सासूच्या जागी आपल्या खऱ्या सासूचं नाव घातलं होतं. ते म्हणायची वेळ आली की ती आधी उठून दार लोटून घ्यायची. सासूला जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती.