सह्याद्रीचा वारा

सह्याद्रीच्या माथ्यावरील वाऱ्याला मोल पडत नाहीं, असें म्हणतात. परंतु सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या इतिहासांत त्या वाऱ्यासाठीं माणूस दोनदां डोंगरावर चढला, आणि दोन्ही वेळां डोंगराला त्याचें मोल द्यावें लागलें.

पहिला प्रसंग १८२९ सालचा. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना इंग्रज रुग्णांसाठीं थंड हवेचें ठिकाण हवें होतें. त्यांनीं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशीं करार केला आणि खंडाळा गांवाच्या बदल्यांत महाबळेश्वर घेतलें. कृष्णेच्या उगमाशीं पूर्वीं यात्रेकरू येत. आतां हवापालटासाठीं येणाऱ्यांची रीघ लागली. पेठ वसली, बंगले उठले, १८४२ सालीं वेण्णेचें तळें झालें. पुढें वस्तीचा भार इतका वाढला कीं, २००१ सालीं केंद्र सरकारला महाबळेश्वर-पांचगणीचा टापू पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर करावा लागला.

दुसरा प्रसंग विसाव्या शतकाच्या अखेरचा. धुराविना वीज मिळविण्याची निकड जगास भासूं लागली, तेव्हां याच वाऱ्याला नवें गिऱ्हाईक मिळालें. साताऱ्याजवळ चाळकेवाडी, पाटण तालुक्यांत वनकुसवडे, सांगली जिल्ह्यांत ढालगांव, अशा उघड्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ना कोळसा, ना राख! ठोसेघरचा धबधबा पाहावयास आलेली मंडळी तीं फिरतीं पातीं पाहावयास चाळकेवाडीपर्यंत जाऊं लागली. विजेचें ठिकाण तेंच सहलीचें ठिकाण झालें.

माळ ओसाड आहे, तेथें बिघडावयाचें तें काय, अशी सर्वसाधारण समजूत होती. ती कासच्या पठारानें खोटी ठरविली. तेथें जांभ्यावर मातीचा थर अगदीं पातळ. तरी पावसाळ्याच्या अखेरीस त्यावर शेंकडों जातींचीं फुलें उमलतात. २०१२ सालीं युनेस्कोनें कासचा समावेश जागतिक वारशांत केला, आणि गर्दी लोटली. पाहणाऱ्यांच्या पायांखालींच फुलें तुडविलीं जाऊं लागलीं; अखेर प्रवेशशुल्क आणि रोजच्या संख्येची मर्यादा घालावी लागली.

चाळकेवाडीचा माळही रिता नव्हता. गळ्याशीं निळा, काळा व नारिंगी पंखा फुलविणाऱ्या तेथील सरड्याची नवी जात २०१६ सालीं शास्त्रांत नोंदली गेली. तिच्या कुळाला नांवही मराठींतील ‘सरडा’ या शब्दावरूनच मिळालें. २०१८ सालीं बंगळूरच्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी सुमारें चौथाईवर आले आहेत, म्हणून सरडे वाढले आहेत आणि त्यांची भीतीही कमी झाली आहे. पात्यानें पांखरूं हटलें आणि साऱ्या माळाची घडी बदलली.

यावरून पवनचक्की नको, असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. कोळशाचा धूर याहून कितीतरी घातक आहे. पण वारा सर्वांचा असला, तरी माळावर आधींपासून कोणी राहत असतें. बंगला बांधणाऱ्यानें काय, मनोरा उभारणाऱ्यानें काय, प्रथम त्या रहिवाशांची गणती करावी. महाबळेश्वरीं ती गणती उशिरां झाली, चाळकेवाडीसही उशिरांच झाली. पुढील माळाच्या बाबतींत ती आधीं होणें शक्य आहे.