एकच आकडा, दोन काडतुसं

'काडतूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला आणि इतका रुळला, की आता तो परका वाटत नाही. आज अशाच दोन काडतुसांची गोष्ट सांगतो. दोघांचा आकडा एकच, पंचेचाळीस. म्हणजे गोळीची जाडी इंचाच्या साधारण पंचेचाळीस शतांश.

१८७३ मध्ये अमेरिकी लष्करानं कोल्टचं रिव्हॉल्व्हर स्वीकारलं. त्याच्या काडतुसाचं कवच सुमारे ३३ मिलिमीटर लांब. त्यात आधी ४० ग्रेन काळी दारू भरत. पुढे लष्करानं ती ३० ग्रेनवर आणली.

१८७५ मध्ये स्मिथ अँड वेसनचं 'स्कोफिल्ड' आलं. मेजर जॉर्ज स्कोफिल्ड हे घोडदळातले अधिकारी. त्यांनी त्यात सुधारणा सुचवल्या होत्या. कोल्टमधली रिकामी कवचं एकेक करून ढकलावी लागत. एका हातात लगाम असलेल्या स्वारानं ते कसं करायचं? स्कोफिल्ड वरून उघडलं, की सगळी कवचं एकदम बाहेर पडत. पण त्याची चक्री आखूड, म्हणून काडतूसही आखूड: कवच २८ मिलिमीटर, दारू २८ ग्रेन. कवचाची कड मात्र जरा रुंद.

आम्ही कवी मंडळी मात्रा मोजतो; एक वाढली तरी ओळ अडखळते. इथे पाच मिलिमीटरनी घोटाळा झाला. आखूड काडतूस कोल्टमध्ये चाले, पण लांब काडतूस स्कोफिल्डच्या चक्रीत मावत नसे. स्कोफिल्डवाल्या तुकडीकडे चुकीची पेटी गेली, तर शिपायाच्या हाती नुसतं लोखंड! अखेर फ्रँकफर्ड आर्सेनल या सरकारी कारखान्यानं दोन्हींसाठी आखूड काडतूसच बनवायला घेतलं. गंमत अशी, की पुढे स्कोफिल्ड रिव्हॉल्व्हर सैन्यातून गेलं. कोल्ट मात्र राहिलं.

१८९२ मध्ये लष्करानं लहान, अडतीसची गोळी घेतली. फिलिपाइन्सच्या दक्षिण बेटांवर मोरो मुसलमानांशी लढताना, ही गोळी माणसाला थांबवत नाही, अशी तक्रार झाली. जुनी पंचेचाळीसची कोल्ट पुन्हा बाहेर निघाली, आणि १९११ मध्ये नवं पिस्तूलही पंचेचाळीसचंच आलं.

या गोळ्यांचं वजन, दारू, लांबी सगळं नोंदलेलं आहे. त्या ज्यांच्या अंगात शिरल्या, त्यांतल्या बहुतेकांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. इतिहास वाचताना ही कोरी जागाही वाचावी, एवढंच सांगायचं होतं.